अठ्ठेचाळीस लाख शहाऐंशी हजार एकशे एकाहत्तर

माझे बाबा माझी ओळख करून द्यायचे तेव्हा नाव नंतर सांगायचे, आधी आकडा. "हे माझी पोरगी. अठ्ठेचाळीस लाख शहाऐंशी हजार एकशे एकाहत्तर." समोरच्याला कळायचं नाही हा लॉटरीचा नंबर आहे की आणखी काय. मग बाबा समजावायचे, "मूळ संख्या आहे. एकानं आणि स्वतःनं सोडून कशानंच भाग जात नाही." माणूस "अच्छा" म्हणायचा आणि चहाच्या कपाकडे वळायचा. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, सक्करदऱ्याजवळच्या मुलींच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि अशा वेळी मला अगदी परवापरवापर्यंत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगायचं तर मनातून थोडं बरंही वाटायचं.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. दर तासाला मीटरसमोर उभं राहायचं, आकडा लॉगशीटवर उतरवायचा आणि शेवटच्या रकान्यात सही करायची. त्या कामाचा एक नियम होता. लिहिलेल्या आकड्यावर गिरवायचं नाही. चुकलाच तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची, म्हणजे चूकही दिसली पाहिजे आणि ती कोणी दुरुस्त केली तेही. दुसऱ्याने सही केलेल्या आकड्याला हात लावायचा नाही. बाबांनी हा नियम घरीही आणला. किराण्याच्या यादीत साखर एक किलोची दोन किलो झाली तरी रेघ आणि सही. माझ्या वह्यांमध्ये गिरवलेला आकडा त्यांना दारातून दिसायचा, आणि त्यावरून मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी नापास होऊनही खाल्ली नसती.

मी जन्मले तेव्हा ते सकाळच्या पाळीत होते. दहाच्या रीडिंगला पेन उघडून उभे असताना कॉलनीच्या दवाखान्यातून फोन आला की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बाबांनी आधी आकडा लिहिला, मग सही केली, मग हसले. हा क्रम ते स्वतःच कौतुकाने सांगत. त्यावर आईचं ठरलेलं होतं, "हाव, मीटर पळून चाललं होतं ना."

तो आकडा म्हणजे ४८८६१७१. बाबा घरी येताना तो तळहातावर लिहून घेऊन आले. दोनने भाग जात नाही हे तर दिसतंच होतं. अंकांची बेरीज पस्तीस, म्हणजे तीनही गेले. शेवटी शून्य किंवा पाच नाही. सातने भागलं तर तीन उरले, अकराने चार, तेरानेही चार. इथे बाबांना चेव चढला. हा आकडा मूळ असणार असं त्यांच्या मनाने घेतलं, पण मनाने घेतलेलं लॉगशीटवर लिहिता येत नाही, ते तपासावं लागतं.

तपासायची रीत सोपी आहे, कष्टाची आहे इतकंच. एखादी संख्या दोन तुकड्यांत तुटत असेल तर त्यातला एक तुकडा तिच्या वर्गमुळापेक्षा लहान असलाच पाहिजे. आमच्या आकड्याचं वर्गमूळ दोन हजार दोनशे दहाच्या जरा पुढे येतं. म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. प्रत्येक वेळी काहीतरी बाकी उरली तर आकडा अभंग. बाबांनी चार्टपेपरवर संख्या मांडल्या, एकेकीच्या पटी खोडत गेले आणि शेवटी तीनशे एकोणतीस मूळ संख्या शिल्लक राहिल्या. तेवढे भागाकार करायचे होते.

त्यांनी एक वही आखली, अगदी लॉगशीटसारखी. क्रमांक, भाजक, बाकी, सही. रोज एकच भागाकार करायचा. दोनने भाग जात नाही हे लिहायलासुद्धा त्यांनी एक आख्खा दिवस घेतला, कारण पद्धत म्हणजे पद्धत. आणि इथे आई आली. माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिक्षणाचा ध्यास होता, पण आईच्या माहेरी तो मुलग्यांपाशी येऊन थांबला. दहावीला गणितात वर्गात पहिली आलेली मुलगी त्यांनी लग्न करून कोराडीला पाठवून दिली. ती बाबांना म्हणाली, "अर्धे मले द्या." तेव्हापासून विषम क्रमांक बाबांचे आणि सम क्रमांक आईचे. पायाने माझ्या पाळण्याची दोरी ओढत ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार करायची, बाकी वहीत उतरवायची, आणि आपलं पूर्ण नाव लिहून सही करायची. कच्चे कागद मग चुलीत जायचे.

माझा पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर आला असताना वही संपली. तीनशे एकोणतीस ओळींत कुठेही शून्य नव्हतं. बाबांनी कॉलनीभर आणि विहारात संत्रा बर्फी वाटली. लोकांनी विचारलं काय झालं, तर म्हणाले पोरीचा आकडा मूळ निघाला. लोकांनी दोन-दोन वड्या घेतल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

पुढे मी त्या आकड्याच्या आधाराने जगले असं म्हणणं जरा जास्त होईल, पण अगदीच खोटंही नाही. मी एकुलती एक. दवाखान्यात आईला सांगितलं होतं की आता दुसरं मूल होणार नाही. लोक हळहळायचे, आणि बाबा आकडा सांगायचे. अमरावतीचा माझा संसार पाचव्या वर्षी मोडला तेव्हा मी एक बॅग घेऊन बसने नागपूरला आले. स्टँडवर बाबा स्कूटर घेऊन उभे होते. त्यांनी बॅग पायाशी ठेवली आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस लाख शहाऐंशी हजार एकशे एकाहत्तर. कशानं भाग जाते का? नाही. मग बस मागं." मी रडायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. घरी आल्यावर त्यांनी तेच आईसमोर पुन्हा म्हटलं. आई म्हणाली, "आधी जेवू द्या तिले." तिच्या आवाजातला तुटकपणा मला तेव्हा खटकला होता.

आई जाऊन पाच वर्षं झाली. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि माझ्याकडेच राहतात. नावं विसरतात, औषधं घेतली की नाही ते विसरतात, आकडे विसरत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेत गणित सप्ताह होता. मुख्याध्यापिकांना कुठूनतरी बाबांच्या वहीबद्दल कळलं आणि त्यांनी बाबांना नववीच्या मुलींशी बोलायला बोलावलं. बाबांना काय आनंद झाला! आठवडाभर तयारी चालली होती. आरशासमोर उभं राहून मोठ्याने बोलायचे, खडू कसा धरायचा ते मला विचारायचे. आदल्या दिवशी दुपारीच त्यांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली आणि संध्याकाळी तलावाकडे फिरायला गेले.

मी मुलींसाठी एक तक्ता बनवत बसले होते. विचार केला, आकड्याच्या खाली 'मूळ संख्या' असं लिहायचंय तर एकदा संगणकाला विचारून घ्यावं. आकडा टाकला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. २०८९ गुणिले २३३९.

मी आकडा पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग कागदावर गुणाकार केला. बरोबर. दोन्ही तुकडे स्वतः मूळ आहेत, आणि आमचा आकडा नाही.

आधी मला त्या यंत्राचाच राग आला. मग स्वतःचा. बावीस वर्षं मी मुलींना ओरडून सांगते आहे की उत्तर आलं तरी ताळा करून बघा, आणि स्वतःच्या आकड्याचा ताळा एकदाही केला नव्हता. नाही म्हणायला दहावीत असताना एकदा शेजारच्यांचा कॅल्क्युलेटर आणला होता. आईने तो हातातून काढून घेतला होता. "कायले? एकदा झालं ना." त्यानंतर कधी मनात आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही. अभंग असण्याची सवय लागली की ती मोडवत नाही. अमरावतीहून आल्यावर मी कित्येकांना जे फटकन तोडून बोलले, कुणाची गरज नाही असं जे मिरवलं, त्याच्या तळाशी हा आकडा होता, आणि आता तो तुटला म्हटल्यावर मला चक्क उघड्यावर पडल्यासारखं वाटलं.

पण माझं राहू दे. प्रश्न उद्याचा होता. नववीच्या चाळीस मुली, त्यातल्या निम्म्यांना हे मोबाइलवर कसं शोधायचं ते माहीत. बाबा फळ्यावर आकडा लिहून 'कशानंच भाग जात नाही' म्हणणार आणि एखादी चुणचुणीत मुलगी हात वर करणार. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आकडा चुकू दिला नाही, तो सगळ्यांसमोर चुकणार. हे मला सहन झालं नसतं. त्यांना आधीच सांगावं लागणार होतं, आणि सांगणार मी.

निदान चूक कुठे झाली ते तरी पाहावं म्हणून मी त्यांच्या पेटीतून वही काढली. २०८९ ही तीनशे सोळावी मूळ संख्या. सम क्रमांक, म्हणजे आईची. निळ्या शाईत भाजक, निळ्या शाईत तिची सही. आई देवनागरी आकडे लिहायची. बाकीच्या रकान्यात एक होता, पण त्याचा वरचा गोल निळा आणि खालची शेपटी काळी होती. तिने शून्य लिहिलं होतं आणि नंतर त्याला शेपूट काढून एक केला होता. सगळ्या वहीत गिरवलेला आकडा तेवढाच.

म्हणजे तिचा भागाकार चुकला नव्हता. तिला कळलं होतं. मी वही मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. बाबा परतल्याची चाहूल लागली तशी ती पेटीत टाकली आणि त्या संध्याकाळी काहीच बोलले नाही.

सकाळी चहाला बसलो. बाबा बशीत चहा ओतत होते. मी म्हटलं, "बाबा, आपला आकडा तुटते."

"कशानं?"

"दोन हजार एकोणनव्वदनं."

त्यांनी बशी खाली ठेवली, पेन्सिल मागितली आणि वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. चारच पायऱ्या होत्या. शेवटी शून्य आलं. मग त्यांनी सवयीने अंकांच्या बेरजा घेऊन नऊचा ताळाही करून पाहिला. "ह्याचा एक, त्याचा आठ. आठ एके आठ. आपल्याचाही आठच. बरोबर आहे." आणि पेन्सिल ठेवत म्हणाले, "तीनशे सोळावा."

क्रमांक मी सांगितलाच नव्हता.

"तुम्हाले माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. दिसलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी माझी बारी होती ना. वही उघडली तर वरच्या ओळीत काळी शेपूट. लोकायच्या शीटवरचं गिरवलेलं टिंब मले दिसत होतं, मग आपल्या घरचं नाही दिसन?"

"मग भागून काहून नाही पाहिलं?"

"सही होती तिची."

मला चीड आली. "नियम नका सांगू मले, बाबा. खरं सांगा."

त्यांनी बशी जवळ ओढली. चहावर साय धरली होती. मग म्हणाले, "तिच्या बारीच्या आदल्या दिवशी माझी मोठी बहीण आली होती गावावरून. एकटीच पोरगी, उद्या हिचं कोण, असं लावून धरलं होतं तिनं. मी म्हटलं, बाई, चौदा दिवस थांब. मग दाखवतो तुले, कशानं तुटत नाही ते. तुझी माय तिथंच भाकरी करून राहिली होती. अन् दुसऱ्या दिवशी बारी तिची." त्यांनी सायीला बोट लावलं. "तिनं शून्याचा एक केला वं. तिनं, जिले गिरवलेलं चालत नाही हे माहीत होतं. तिनं एवढं केल्यावर मी भागून पाहू? मग तिच्या तोंडाकडं कसं पाहू?"

"तुम्ही दोघं कधी बोललेच नाही याच्यावर?"

"नाही."

"अन् शेहेचाळीस वर्षं लोकायले सांगत राहिले?"

"तिनं एक लिहिला होता. मी तेच सांगत होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "राग आला का तुले?"

राग आला होता, पण कुणाचा ते मला सांगता येईना. मी विचारलं, आता शाळेत यायचंय की नाही. ते म्हणाले, "काहून नाही? शर्ट इस्त्री केला."

शाळेत त्यांनी फळ्यावर आकडा मोठा, सरळ लिहिला. "पोरीहो, हा मूळ आहे असं मी सगळ्यायले सांगत आलो. तो मूळ नाही. आज मी तुमच्यासमोर ते दुरुस्त करून राहिलो." मग आकड्यावर न गिरवता खाली २०८९ आणि २३३९ लिहिले आणि बाजूला खडूने सही केली. वहीची गोष्ट सांगितली, रोज एक भागाकार कसा करायचे ते सांगितलं. मुलींना बर्फीचा भाग फार आवडला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, मग तीनशे सोळावा भागाकार चुकला कोणाचा?"

"तो माझ्या बायकोनं केला होता," बाबा म्हणाले. "तो चुकला नव्हता. तिले भागाकार माझ्याहून चांगला येत होता."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मागच्या बाकावर हजेरीचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं, कारण डोळे आवरेनात. बाबांनी हात झटकले आणि पटी खोडत जायच्या चाळणीने मूळ संख्या कशा काढायच्या ते शिकवायला लागले.

त्या दिवशी घरी आल्यावर ते थकून झोपले. मी वही पुन्हा काढली. एक गोष्ट सकाळपासून डोक्यात सलत होती. तीनशे सोळाव्या ओळीनंतर आणखी तेरा ओळी आहेत, सात बाबांच्या आणि सहा आईच्या. आईला कळलं होतं की आकडा तुटला. बाबांनी शेपूट पाहिली होती. आता पुढच्या भागाकारांना काही अर्थ उरला नव्हता. कोणीही काहीही बाकी लिहून सही करू शकत होतं, तपासणार कोण होतं? तोंडदेखलंच लिहिलं असणार, असं मी धरून चालले होते. एका घरात दोन माणसं दोन आठवडे एकमेकांना फसवत बसली, आणि त्या खेळावर मी उभी राहिले, असा एक कडवटपणा दिवसभर मनात होता.

मी कागद घेतला आणि संगणकाकडे न जाता हाताने भागायला बसले. २०९९, बाबांची ओळ, बाकी १७९८. भागून पाहिलं, १७९८ च. २१११, आईची, बाकी १३१७. तिच्या त्या गोलगोल अक्षरात. बरोबर. मी एकेक करत खाली आले. बाबांची, आईची, बाबांची, आईची. शेवटची २२०७, बाबांची, बाकी २०८०.

तेराच्या तेरा बाक्या बरोबर होत्या.